जुन्या मॅन्युअल लेन्सची पारख : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : हेलिओस ४४-२ (५८ मिमी), पेन्टाकॉन ५० मिमी एफ/१.८ आणि सुपर टाकुमार ५० मिमी एफ/१.४ या तीन एम४२ (जुन्या स्क्रूच्या जोडणीच्या) लेन्स ॲडाप्टर लावून २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेम (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या) मिररलेस कॅमेऱ्यावर वापरतो. गच्चीवरून दूरच्या पाण्याच्या टाकीचे फोटो काढून तुलना केली, पण दर वेळी वेगळीच लेन्स सरस ठरते. असं का? – एक वाचक, जळगाव

उत्तर : टाकी सोडा आणि गच्चीही सोडा. उन्हाळ्यात आपल्याकडे सकाळी नऊ-दहानंतर पत्र्यांवरून आणि स्लॅबवरून तापलेली हवा वर चढते. त्या हवेतून दूरची कड थरथरते आणि प्रत्येक फ्रेम वेगळी येते. तुम्ही लेन्स नाही, हवा तपासत होता.

तुलना घरात, खिडकीच्या उजेडात करा. वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिरातींची पानं भिंतीवर अगदी सपाट चिकटवा. एक मध्यभागी आणि चार कोपऱ्यांत. ५० मिमीला भिंतीपासून अडीच मीटर अंतर ठेवा, म्हणजे फ्रेममध्ये साधारण १.८ गुणिले १.२ मीटर भिंत येते. हेलिओस ५८ मिमीची असल्यामुळे तिला २.९ मीटर मागे न्यावं लागेल. अंतर तेच ठेवलं तर तिच्यात अक्षरं मोठी दिसतील आणि तिला फुकटचे गुण मिळतील.

कॅमेरा भिंतीला समांतर आहे की नाही, हे डोळ्यांनी कळत नाही. मधल्या पानावर छोटा सपाट आरसा टेकवा आणि कॅमेऱ्यात बघा. लेन्सचं प्रतिबिंब फ्रेमच्या बरोबर मध्ये आलं पाहिजे. आरसा नंतर काढून घ्या. ही पायरी टाळली की एक बाजू मऊ येते आणि बोल लेन्सला लागतो.

मग ट्रायपॉड, सर्वांत कमी आयएसओ, रॉ फाइल, स्टॅबिलायझेशन बंद, दहा सेकंदांचा टायमर. फोकस पीकिंगवर (स्क्रीनवर फोकसमधल्या कडा रंगवून दाखवणाऱ्या सोयीवर) विसंबू नका, दहा पट झूम करून अक्षरांवर फोकस करा. एफ/१.४ ला, म्हणजे ॲपर्चर (लेन्समधलं प्रकाशाचं भोक) पूर्ण उघडं असताना, अडीच मीटरवर, १०० टक्के झूममध्ये खरोखर रेखीव दिसणारी खोली जेमतेम चार सेंटिमीटर असते. त्यामुळे प्रत्येक ॲपर्चरला किमान तीनदा नव्याने फोकस करा, रिंग एकदा जवळून लांब आणि एकदा लांबून जवळ फिरवा, आणि त्यातली सर्वोत्तम फ्रेम धरा. नव्याने फोकस करण्याचं आणखी एक कारण आहे. मोठ्या ॲपर्चरच्या जुन्या लेन्समध्ये ॲपर्चर बंद करत गेलं की फोकसची जागाच थोडी सरकते. पूर्ण उघडी, एफ/२.८, एफ/५.६ आणि एफ/८ एवढ्या चार पायऱ्या पुरेत.

कोपरे मऊ आले तर लगेच निकाल देऊ नका. कोपऱ्यावर फोकस करून एक फ्रेम घ्या. तिथली अक्षरं आता स्वच्छ आली, तर लेन्सचं फोकसचं प्रतल वक्र आहे एवढंच. माणसाच्या फोटोत त्याने काही बिघडत नाही. एकच कोपरा वाईट असेल तर कॅमेरा उलटा करून पुन्हा घ्या. मऊपणा भिंतीवरच्या त्याच पानावर राहिला तर मांडणी तिरकी होती. तो कॅमेऱ्याच्या त्याच कोपऱ्याबरोबर फिरला तर लेन्सचा एखादा घटक सरकलाय, किंवा ॲडाप्टर तिरका बसलाय. दुसरा ॲडाप्टर लावून खात्री करा, स्वस्त ॲडाप्टरमध्ये हे फार होतं.

शेवटी बघायचं काय, तर शार्पनेस आणि कॉन्ट्रास्ट वेगळे काढून बघा. टाकुमार एफ/१.४ ला अक्षरांभोवती धुकट झाक देते, पहिल्या नजरेला मऊ वाटते. पण बारीक अक्षर वाचता येतं का? येत असेल तर तपशील फाइलमध्ये आहे, कॉन्ट्रास्ट थोडा वाढवला की वर येतो. दोन अक्षरं एकमेकांत मिसळली असतील तर तो तपशील कुठलंही सॉफ्टवेअर परत आणणार नाही. जुन्या लेन्स ‘मऊ’ म्हणून विकून टाकणारे बरेच जण हा फरक न बघताच विकतात.

प्रश्न : एफ/१६ ला सगळ्याच लेन्स सारख्याच दिसतात, आणि एफ/८ पेक्षा मऊ. लेन्स खराब आहेत का? – एक वाचक, धुळे

उत्तर : नाही. हे प्रकाशाचं विवर्तन आहे, म्हणजे बारीक भोकातून जाताना प्रकाश पसरतो. तुमच्याही सेन्सरवर २४ मेगापिक्सेल असतील, तर एफ/११ पासून ते दिसू लागतं आणि एफ/१६ ला सगळ्यांना एका पातळीवर आणतं. तुलनेसाठी एफ/१६ निरुपयोगी.

प्रश्न : सारंगखेड्याच्या घोडेबाजारात हेलिओस ४४-२ ने फोटो काढले. मागची प्रसिद्ध गरगर आलीच नाही. कॅमेरा एपीएस-सी (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा) आहे. – एक वाचक, शहादा

उत्तर : कारण कॅमेऱ्यातच आहे. हेलिओसची रचना झाइसच्या बायोटार ५८ मिमी एफ/२ वरून घेतलेली आहे. तिरप्या येणाऱ्या प्रकाशाचा काही भाग लेन्सच्या नळीची कड कापते, म्हणून फ्रेमच्या कडांना उजेडाचे गोल ठिपके लिंबाच्या फाकेसारखे होतात आणि केंद्राभोवती फेर धरल्यासारखे मांडले जातात. एपीएस-सी सेन्सर नेमक्या त्या कडाच छाटतो. मिळते ती फुल फ्रेमवरच्या साधारण ८७ मिमीएवढी नजर आणि मधला शांत भाग. शक्य असेल तर फुल फ्रेम घ्या, नाहीतर ०.७१ पटीचा फोकल रिड्यूसर (प्रतिमा आकसून लहान सेन्सरवर बसवणारा ॲडाप्टर) लावा.

पार्श्वभूमीही तशी हवी. तंबूचं कापड किंवा मोकळं आकाश असेल तर गरगरायला काही उरतच नाही. घोड्याचं डोकं दोनेक मीटरवर, त्यामागे सात-आठ मीटरवर निंबाची किंवा बाभळीची पानं, आणि पानांतून सकाळचं ऊन. ॲपर्चर एफ/२. एफ/४ केलं की फेर मोडतो.

प्रश्न : सुपर टाकुमारची काच पिवळट झालीय. शार्पनेस कमी होतो का? शिवाय लेन्सचं ‘रेंडरिंग’ (ती कडा आणि मागचा धूसरपणा कसा उतरवते ते) कसं तपासायचं? – एक वाचक, चाळीसगाव

उत्तर : सात काचांच्या टाकुमारमध्ये थोरियमयुक्त काच आहे, तिच्या किरणोत्सारामुळे रंग चढतो. शार्पनेसला धक्का लागत नाही. थोडा प्रकाश कमी होतो आणि रंग उबदार येतात. अतिनील एलईडीखाली, मागची बाजू दिव्याकडे आणि खाली ॲल्युमिनियम फॉइल ठेवून काही दिवस ठेवली की पिवळेपणा उतरतो. त्या दिव्याकडे थेट बघू नका. खानदेशच्या मेमधल्या उन्हात मात्र ठेवू नका, ग्रीस पातळ होऊन वाहतं, आणि भिंगातून एकवटलेल्या उन्हाने आगही लागू शकते.

रेंडरिंगसाठी भिंत कामाची नाही, टेबल हवं. तुमच्याच गावच्या केकी मूस यांनी टेबलटॉप छायाचित्रणातून दाखवलं की टेबलावर उजेड पूर्ण आपल्या हातात असतो. बाजूच्या खिडकीचा उजेड, काळं कापड, पितळी तांब्या आणि अडीच-तीन मीटर मागे एलईडीची माळ. तांब्याच्या चकाकत्या कडेला जांभळी-हिरवी झालर किती येते, ठिपक्यांची कड कठोर आहे की विरघळते, तांब्यापासून मागच्या धूसरपणापर्यंतचा बदल सलग आहे का, हे बघा. व्हाइट बॅलन्स सगळ्यांना एकच हवा, ऑटो अजिबात नको.

प्रश्न : सेकंडहँड लेन्सच्या ॲपर्चरच्या पात्यांवर तेल दिसतं. घ्यावी का? – एक वाचक, भुसावळ

उत्तर : हेलिओस ४४-२ च्या पात्यांना स्प्रिंग नाही, तिथे तेलाने फारसं अडत नाही. टाकुमारसारख्या स्वयंचलित पात्यांच्या लेन्समध्ये अडतं. पाती चिकटली की रिंग एफ/८ दाखवते, भोक मात्र एफ/४ एवढं राहतं, आणि तुमची सगळी तुलना खोटी ठरते. शटर एकच ठेवून एफ/४ आणि एफ/८ ला फोटो घ्या. दुसरा बरोबर दोन स्टॉप काळा, म्हणजे एक चतुर्थांश उजेडाचा, आला पाहिजे. सफाईला लायटरमधलं नॅफ्था चालतं, डब्ल्यूडी-४० कधीच नाही.

खरेदी करताना मागून टॉर्च मारून बघा. आत दुधाळ थर दिसला तर ते बहुधा ग्रीसच्या वाफेचं किटण आहे, कॉन्ट्रास्ट पार खातं, पण सहसा पुसून निघतं. पुढच्या काचेवर बुरशीचे दोन-चार धागे असतील तर भाव पाडून घ्या. मागच्या काचेवर असतील तर घेऊ नका.