पेन बनवायच्या लाकडी तुकड्याला सरळ भोक कसं पाडावं?

प्रश्न : शिसवीचे २० मिमी चौकोनी तुकडे लेथवर (लाकूड फिरवणाऱ्या यंत्रावर) तीन जबड्यांच्या चकात, म्हणजे पकडीत, धरून ७ मिमीचं भोक पाडतो. सुरुवात मधोमध होते, पण पलीकडे ड्रिल एका बाजूला निघतं आणि कड फुटते. काय चुकतंय?

उत्तर : चौकोनी तुकडा तीन जबड्यांत नीट बसतच नाही, तो तिरपा धरला जातो. चारही जबडे एकत्र सरकणारा चक घ्या. तो नसेल तर तुकडा दोन सेंटरमध्ये, म्हणजे लेथच्या दोन टोकदार खुंट्यांमध्ये, धरून आधी गोल करा, मग तुमचाच चक चालेल. मी अजूनही गोलच करून घेतो, चौकोनी माल क्वचितच सगळीकडून सारखा असतो.

मग टेलस्टॉक, म्हणजे चकासमोरचा सरकता भाग, तपासा. दोन्हीकडची सेंटरं पुढे आणून टोकाला टोक भिडवा. केसभर फरक असला तरी भोक वाकडं जातं.

सुरुवात सेंटर ड्रिलने करा. आखूड आणि जाड असल्यामुळे ते लवत नाही. लांब ड्रिल मात्र लाकडाच्या रेषांच्या कलाने वळतं, शिसवीत तर फारच. वेग मिनिटाला ५०० फेऱ्यांच्या आसपास ठेवा. दर सेंटिमीटरला ड्रिल बाहेर काढून भुसा झटका. भुसा आत कोंबला की लाकूड तापतं, जळका वास येतो आणि आतून चीर जाते. तो वास आला की लगेच थांबा.

कड फुटू नये म्हणून तुकडा हव्या त्या लांबीपेक्षा १० मिमी जास्त कापा, भोक आरपार नेऊच नका. उरलेलं टोक करवतीने उडवा, भोक स्वच्छ उघडं पडेल.

आणि हातमोजे घालून लेथवर कधीही उभे राहू नका.