मोबाइलच्या चित्रफितीवरून सेरेब्रल पाल्सी ओळखता येते का?

प्रश्न : माझा मुलगा गर्भारपणाच्या 32 व्या आठवड्यात जन्मला आणि काही दिवस अतिदक्षता विभागात होता. आता तो पाच महिन्यांचा आहे. बाळाच्या हालचालींच्या चित्रफितीवरून सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे शरीराच्या हालचालींत येणारा विकार) लवकर कळते, असे माझ्या नणंदेने वाचले. सासूबाई मात्र 'वर्षभर वाट पाहू' म्हणतात. काय करावे?
– एक वाचक, डिचोली

उत्तर : वाट पाहू नका. बाळ आठ आठवडे आधी जन्मल्यामुळे त्याचे वय तेवढे कमी धरले, तर ते आज सुमारे तीन महिन्यांचे आहे, आणि या तपासणीसाठी हाच काळ सर्वांत उपयुक्त असतो. या वयात निरोगी बाळाची मान, खांदे, मनगटे, घोटे अशा सर्व भागांत बारीक, अखंड चुळबुळ चालू असते. ती दिसलीच नाही, तर सेरेब्रल पाल्सीची शक्यता पुष्कळ वाढते. प्रशिक्षित तज्ज्ञ चित्रफीत पाहून हे ओळखण्याचे काम फार अचूकपणे करतात, परंतु असे तज्ज्ञ सगळीकडे नसल्याने संगणकाला ते शिकवण्याचे प्रयत्न सुरू आहेत. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात भारतासह चार देशांतील 557 बाळांच्या चित्रफिती वापरल्या होत्या. पडताळणीसाठी वेगळ्या ठेवलेल्या गटात, ज्यांना पुढे हा विकार झाला त्यांपैकी सुमारे 71 टक्के बाळे संगणकाने ओळखली. म्हणजे दहापैकी जवळजवळ तिघे निसटले. तेव्हा एखाद्या ॲपने 'सारे ठीक' म्हटले म्हणून निश्चिंत होणे मला तरी धोक्याचे वाटते.

चित्रफीत अवश्य काढा. बाळ जागे व शांत असताना, खेळणे वा चोखणी न देता, हातपाय उघडे ठेवून त्याला पाठीवर निजवा आणि संपूर्ण शरीर दिसेल असे वरून तीन ते पाच मिनिटे चित्रण करा. रडत्या बाळाची चित्रफीत कामाची नसते. काढलेली चित्रफीत घेऊन जन्माच्या वेळच्या कागदपत्रांसह बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात) किंवा आपल्या बालरोगतज्ज्ञांकडे जा. हालचाली, मज्जासंस्थेची हॅमरस्मिथ तपासणी आणि गरजेप्रमाणे मेंदूचा एमआरआय यांची सांगड घालून बहुधा सहा महिन्यांच्या आत अंदाज बांधता येतो. संशय बळावल्यास पक्क्या निदानाची वाट न पाहता फिजिओथेरपी सुरू करतात. एकच मूठ सतत आवळलेली राहत असेल किंवा बाळ एकाच हाताने वस्तू धरत असेल, तर ठरलेल्या तारखेपूर्वीच दाखवा.