गाणी हिट, मग अल्बम फिका का?

प्रश्न: स्कॉटिश डीजे-निर्माता केल्विन हॅरिसच्या '18 मंथ्स' या अल्बममधली बहुतेक गाणी पार्ट्यांमध्ये दणकून वाजली, तरी परीक्षणं संमिश्रच होती. समीक्षकांना नाचता येत नाही, असं समजायचं का?
– एक वाचक, विलेपार्ले

उत्तर: येतही असेल, पण परीक्षण खुर्चीत बसूनच लिहावं लागतं. अल्बम आला ऑक्टोबर 2012 मध्ये. त्यातलं 'बाउन्स' मात्र जून 2011 पासूनच वाजत होतं आणि रिहानाने गायलेलं 'वी फाउंड लव्ह' तिच्या स्वतःच्या 2011 च्या अल्बममध्येही होतं. म्हणजे समीक्षकाच्या हाती पडेपर्यंत बराचसा माल जुना झालेला. याच अल्बमची नऊ गाणी ब्रिटनच्या टॉप टेनमध्ये गेली. त्याआधीचा विक्रम सात गाण्यांचा, मायकल जॅक्सनच्या नावावर होता.

खरी मेख रचनेत आहे. 'वी फाउंड लव्ह'चा वेग 128 बीपीएम, म्हणजे मिनिटाला 128 ठोके. या वेगाला चार ठोक्यांचे 16 बार (आवर्तनं) बरोबर 30 सेकंदांत संपतात, आठ बार 15 सेकंदांत. घड्याळ लावून ऐका: कडवं, चढण, ड्रॉप (चढणीनंतर ठेका दणक्यात कोसळतो ती जागा) सगळं याच पटीत बसवलेलं असतं. डीजेला हे फार सोयीचं, कारण पुढचं गाणं कुठे मिसळायचं हे त्याला बोटांवर मोजता येतं. सलग पंधरा ट्रॅक ऐकणाऱ्याला मात्र चौथ्या-पाचव्या गाण्यापासून ड्रॉप आधीच दिसायला लागतो. पाहुणे बदलतात, सिंथचा (इलेक्ट्रॉनिक सिंथेसायझरचा) पोत तोच राहतो. 'स्वीट नथिंग'मध्ये फ्लॉरेन्स वेल्चचा गळा त्या साच्याला पुरून उरतो. बाकी सगळ्यांना ते जमलेलं नाही. आमचं मत विचाराल तर परीक्षणं अन्यायाची नव्हती. एकेक गाणं वेगळं लावा, तक्रार राहणार नाही.

प्रश्न: चार गायक घेऊन घरीच पाच ट्रॅक केलेत. मित्र म्हणतात, तुकडे जोडल्यासारखे वाटतात. काय करू?
– एक वाचक, बोरिवली

उत्तर: आधी पट्टी विचारा, चाल नंतर. काळी एकला खुलणाऱ्या गळ्याला पांढरी पाचमध्ये बसवायचं आणि मग सॉफ्टवेअरने सूर सरकवायचा, हा उलटा कारभार. दोन सेमीटोनच्या (पेटीवरच्या लगतच्या दोन पट्ट्यांतलं अंतर म्हणजे एक सेमीटोन) पुढे सरकवलं की आवाज खेळण्यातला वाटायला लागतो.

गायकांकडून 24 बिट, 48 किलोहर्ट्झची वेव्ह फाइल मागवा. रिव्हर्ब (खोलीतल्या घुमण्याचा परिणाम) न लावलेली आणि पहिल्या बारपासून सुरू होणारी. एमपीथ्री नको, कारण एन्कोडर सुरुवातीला थोडी शांतता घालतो आणि गाणं ठोक्यामागे पडतं. रेकॉर्डिंगला पंखा बंद, पाठीमागे गोधडी टांगलेली. लोकलची घरघर 80 हर्ट्झच्या हाय-पास फिल्टरने (त्याखालचे खर्ज आवाज कापणाऱ्या) बरीचशी जाते.

आता तुमच्या मुख्य दुखण्याचं. चारही आवाज एकाच रिव्हर्ब सेंडवर, म्हणजे सगळ्यांना सामाईक अशा एकाच रिव्हर्बला, पाठवा. चार खोल्यांत रेकॉर्ड झालेले गळे एका खोलीत आणायचा याहून स्वस्त उपाय नाही. आवाज सुरू असताना सिंथ 2 ते 4 किलोहर्ट्झमध्ये दोन-तीन डेसिबल खाली घ्या, म्हणजे शब्द कळतील. साइडचेन म्हणजे किक (ड्रमचा मुख्य ठोका) पडला की बेस दाबणारी सोय. तिचा रिलीज, म्हणजे बेस परत वर यायला लागणारा वेळ, पुढच्या किकच्या आत संपू द्या. 128 ला दोन किकमध्ये जेमतेम 469 मिलिसेकंद असतात. रिलीज लांबला तर बेस वर येतच नाही आणि सगळं दबल्यासारखं वाटतं.

आणि पाचांपैकी एक ट्रॅक बिनआवाजाचा ठेवा, शक्यतो तिसरा.