इन्सुलिनवरच्या मुलीला कॉन्सर्टला पाठवू का?

नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममधल्या मोठ्या कार्यक्रमांची तिकिटं निघाली की हा प्रश्न समुपदेशक म्हणून माझ्याकडे येतोच. विचारणारी बहुधा आई असते. मुलाला टाइप वन मधुमेह, लहानपणापासून इन्सुलिनवर, आणि आता मित्रमैत्रिणींबरोबर दुपारपासून रात्रीपर्यंत गर्दीत नाचायचं म्हणतंय. ऐरोलीच्या एका मायलेकींची गोष्ट सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

आई म्हणाली, "मॅडम, एवढ्या गर्दीत हिची शुगर उतरली तर कोण बघणार?"

मुलगी पटकन म्हणाली, "उतरणारच नाही. मी सोय करते."

ही 'सोय' मला खटकली. पुढे एकटी भेटली तेव्हा तिनं सांगितलं की कॉलेजच्या फेस्टला ती दुपारचं जेवली, पण इन्सुलिन घेतलंच नाही. "सगळ्यांसमोर पडण्यापेक्षा शुगर तीनशे झालेली परवडली."

"बरोबरच्या मैत्रिणींना माहीत आहे?"

"नाही. आईनंच सांगितलंय, कुणाला कळता कामा नये. उद्या लग्नाचं बघायचंय."

आईला भीती गर्दीची होती. पण गर्दीत मुलीला एकटं पाडणारा नियम घरातच तयार झाला होता. मी विवेकनिष्ठ विचारपद्धती, म्हणजे त्रासामागचा हट्ट शोधून तो सैल करायला शिकवणारी मानसोपचाराची पद्धत, मानते आणि अशा वेळी ती नेमकी मुळाशी नेते, हा माझा अनुभव आहे. लोकांना कळू नये ही इच्छा समजू शकते. कळताच कामा नये हा हट्ट झाला, की त्यासाठी इन्सुलिनसुद्धा चुकवलं जातं. ही पद्धत मांडणाऱ्या अल्बर्ट एलिस यांना स्वतःलाच चाळिशीत मधुमेह झाला होता. इन्सुलिन घेत, काम करत ते ९३ वर्षं जगले. मुलीच्या संमतीनं हे सगळं मी दोघींसमोर मांडलं.

आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मी बोलते तिच्या मैत्रिणीशी."

"नको आई, मीच सांगते."

त्या एका वाक्यासाठीच आम्ही इतके दिवस भेटत होतो, असं मला वाटलं. मग मैत्रिणीला काय सांगायचं याची तालीम केली: "मला घाम फुटला, हात थरथरले, मी असंबद्ध बोलू लागले, तर आधी साखर दे, मग विचार." मैत्रिणीनं एवढंच विचारलं, साखर बॅगेच्या कुठल्या कप्प्यात असते?

बाकीचं तिच्या डॉक्टरांनी ठरवून दिलं. नाचायचं म्हणून जेवणाचा डोस किती कमी करायचा ते त्यांनाच विचारावं. दिवसभर पुरणारं इन्सुलिन मनानं बंद करू नये. शुगर ७० च्या खाली गेली तर १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साधी साखर, म्हणजे साधारण तीन चमचे, पाण्यातून घ्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासावं. चॉकलेटवर विसंबू नये, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. शुद्ध हरपली तर तोंडात काहीही घालू नये. कुशीवर वळवून वैद्यकीय पथकाला किंवा १०८ ला बोलवावं. इन्सुलिनचं पेन उन्हात ठेवू नये आणि थेट बर्फालाही लावू नये, कारण गोठलेलं इन्सुलिन निकामी होतं. फाटकावर सुया पाहून अडवतात, म्हणून डॉक्टरांची चिठ्ठी जवळ हवी आणि आयोजकांना आधी विचारलेलं असावं. दारूचं मी प्रत्येकाला सांगते, पिणार नाही म्हणणाऱ्यालाही. दारूमुळे यकृताकडून होणारा साखरेचा पुरवठा मंदावतो, आणि उतरलेली शुगर बघणाऱ्याला नशाच वाटते.

ती कॉन्सर्टला गेली. संध्याकाळी शुगर ६४ झाली, मैत्रिणीनं ग्लुकोज दिलं, दोघी थोडा वेळ बाजूला बसल्या आणि पुन्हा आत गेल्या. नाचण्याचा परिणाम कित्येक तास राहतो, म्हणून घरी १४० दिसूनही तिनं पहाटे तीनचा गजर लावला. तेव्हा ८२ होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं तसं दूध-बिस्किटं खाऊन ती झोपली. आईला तिनं सकाळी सांगितलं.