जाऊबाईंचे चाळीस सेकंद

प्रश्न : वय ५४, बीपीची गोळी चालू आहे. आमच्या ध्यानवर्गात ‘दोन श्वासांमधल्या विरामाकडे लक्ष द्या’ असं सांगतात. मी लक्ष दिलं की छातीत धडधडतं, जीव घाबरा होतो. जाऊबाई मात्र चाळीस सेकंद श्वास थांबवतात आणि गावभर सांगत सुटतात. मलाच का जमत नाही? – एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, जाऊबाई करतात तो कुंभक. पतंजलींनी श्वास-प्रश्वासाची गती तोडण्याला प्राणायाम म्हटलंय, तेसुद्धा आधी आसन साधल्यावर. तो जाणत्या माणसासमोर बसून शिकायचा. आणि तुम्हाला बीपी आहे, तेव्हा श्वास कोंडून धरणं तुमच्यासाठी नाहीच.

तुम्हाला सांगितलंय ते निराळं. काश्मिरी शैवांच्या ‘विज्ञानभैरव’ ग्रंथात भैरव देवीला ११२ धारणा, म्हणजे चित्त एकाग्र करायच्या युक्त्या, सांगतो, त्यातली पहिलीच ही. श्वास आत हृदयाशी विसावतो आणि बाहेर नाकापासून बारा बोटांवर, द्वादशान्ताशी. त्या दोन जागी चित्त ठेवायचं. योगवासिष्ठातला भुशुंड कावळाही वसिष्ठांना आपल्या दीर्घायुष्याचं गुपित असंच काहीसं सांगतो. प्राण, म्हणजे बाहेर जाणारा श्वास, मावळलाय, अपान, म्हणजे आत येणारा, अजून उगवलेला नाही, तेवढ्या संधीकडे तो बघत असतो. किती सेकंद, ते काही त्याने सांगितलेलं नाही!

तुमचं बहुधा असं होतंय. विराम कधी येतो म्हणून तुम्ही उतू जाणाऱ्या दुधापाशी उभं राहावं तशा टपून बसता. मग आपसूक चाललेला श्वास तुम्ही हातात घेता आणि नकळत अडवता. रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो, मेंदू ‘श्वास घे’ म्हणून ओरडतो, जीव घाबरतो. यात तुमचं मन कच्चं असण्याचा काही संबंध नाही.

काही दिवस आतला विराम सोडूनच द्या. शांत श्वासात तो जेमतेम असतो, शोधायला गेलात की हमखास श्वास धरला जातो. उच्छ्वास संपल्यावर मात्र पोट सैल पडतं आणि पुढचा श्वास यायला क्षणभर वेळ लागतो. पोटावर हात ठेवलात तर हाताला कळतं. तो क्षण कळला तर कळला, हुकला तर पुढचा आहेच. श्वासाला यायचं असेल तेव्हा येऊ द्या. पाच मिनिटं पुरे. गुदमरल्यासारखं झालं तर डोळे उघडा, उठा, पाणी प्या. डोळे मिटून रेटत बसण्यात काही पुण्य नाही.

वर्गात जाऊबाईंच्या शेजारची जागा सोडून दुसऱ्या रांगेत बसा. घरी त्यांनी आकडा सांगितलाच तर ‘वा!’ म्हणा आणि चहाचं आधण ठेवा. शिकवणाऱ्यांना मात्र बीपीचं आजच सांगा. आणि ध्यानाला बसलेल्या नसतानाही धडधड होत असेल, तर पुढच्या तपासणीची वाट न बघता डॉक्टरांना दाखवून या.