पार्लेचा हिशोब

प्रश्न : न्यू जर्सीत राहतो. एनएफएलच्या (अमेरिकन फुटबॉल लीग) चार-चार सामन्यांचे पार्ले लावतो, म्हणजे चार सामन्यांची मिळून एकच पैज; चारही अंदाज बरोबर आले तरच पैसे. दोन मोठे लागले. मी फायद्यात आहे का?

उत्तर : लागलेली दोन तिकिटं बाजूला ठेवा. सगळ्या तिकिटांवर घातलेली आणि परत आलेली रक्कम मांडा. उणे ११० भावात, म्हणजे ११० लावून जिंकलं तर वर १०० नफा सुटतो तिथे, चारही अंदाज बरोबर आले तर सुमारे १३.३ पट मिळतात. प्रत्येक सामना ५०-५० धरला तर चारही बरोबर येण्याची शक्यता सोळात एक, म्हणून १६ पट मिळायला हवेत. एकेरी पैजेत साडेचार टक्क्यांचा असलेला तोटा इथे १७ टक्क्यांवर जातो! म्हणून प्रत्येक सामन्याचा अंदाज भावासकट वेगळा नोंदवा. या भावात ना नफा ना तोटा होण्यासाठी ५२.४ टक्के अंदाज बरोबर यावे लागतात; तुमचे त्याहून कमी असतील, तर ती दोन तिकिटं निव्वळ नशिबाची.