स्वस्त वळू कशामुळे स्वस्त आहे?

चि. लेकरा,

अनेक आशीर्वाद. तुझा निरोप पोचला. चार देवणी जातीच्या गाई नि दोन कालवडी झाल्या, आता दावणीला घरचा वळू पाहिजे, पण पैसा बेताचा. माळेगावच्या जत्रेत भाव ऐकून गार पडलास म्हणे. अरे, ते तेल चोपडून, शिंगं घासून प्रदर्शनात उतरवायचे वळू. आपल्याला त्यांच्याशी काय करायचंय?

आधी न पटणारं सांगतो. सहा जनावरांसाठी एकट्यानं वळू घेऊ नको. एक धडधाकट वळू पंचवीस-तीस गाईंना पुरतो. चारशे किलोचं जनावर रोज दहा किलोच्या आसपास कोरडी वैरण खातं, म्हणजे वर्षाला साडेतीन टनांच्या वर. चैत्रात कडब्याचा शेकडा काय भावानं जातो ते तुझ्या बापाला विचार. शेजारपाजारचे तिघं-चौघं मिळून घ्या, नाहीतर जनावरांच्या दवाखान्यातून कृत्रिम रेतन करून घे. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. आणि रेताची कांडी देवणीचीच आहे ना, हे स्वतः वाचून बघ. तू म्हणशील, गाय हंबरत नाही, खूण दाखवत नाही, असा मुका माज मला कळत नाही. हे मात्र खरं. ते वळूलाच कळतं.

घ्यायचाच ठरला तर भाव कमी का आहे, तेवढं खोदून काढ. रंगामुळे कमी असेल तर खुशाल घे. देवणीतल्या काळतोंड्या वानेऱ्याचं तोंड हवं तसं काळं नाही, ठिपकेवाल्या शेवेऱ्याचे ठिपके शोभत नाहीत, एक शिंग वाकडं आहे, यानं आपलं काही अडत नाही. मालकाच्या गोठ्यात वळूच्याच कालवडी माजावर यायला लागल्यात, बापाची गाठ लेकीशी नको म्हणून तो काढतोय, हे तर सगळ्यात चांगलं कारण. असा वळू सहा-सात वर्षांचा, दात जुळलेला असतो. हौशी लोक त्याच्याकडे फिरकत नाहीत, पण त्याची पोरं गावात डोळ्यानं बघता येतात. गोऱ्ह्याच्या बाबतीत नुसता अंदाज असतो. तुझ्याकडेही तीन-साडेतीन वर्षांत तीच वेळ येईल, तेव्हा बदलायची तयारी ठेव.

माझी फजिती ऐक. बाजारात रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवला नि एक देखणा वळू स्वस्तात आणला. वशिंड असं की माणसं थांबून बघायची. गाईंना दाखवला की एकवीस दिवसांनी गाय पुन्हा माजावर. एक उलटली, दुसरी उलटली, आणि तिसरी गाभडली, गर्भ पडला, तेव्हा डोळे उघडले. एक वेत गेलं, दूध गेलं, वर औषधाचा खर्च. विकणाऱ्याला ठाऊक असणारच. मीच विचारलं नव्हतं.

म्हणून वापरलेला वळू घेताना सांसर्गिक गर्भपाताच्या रोगाची (ब्रुसेलोसिस) रक्ततपासणी झाल्याशिवाय इसार देऊ नको. तो रोग माणसालाही लागतो. रेत सूक्ष्मदर्शकाखाली बघून घे. उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथं चौकशी कर. वृषण दोन्ही सारखे, हाताला घट्ट लागले पाहिजेत. मग दगडगोट्यांच्या वाटेनं चालव. मागचा पाय उचलून टाकत असेल तर सोड, गाईवर चढताना सगळा भार त्याच पायांवर येतो. मारका फुकट मिळाला तरी नको, घरात पोरंबाळं आहेत. घरी आणल्यावर तीन आठवडे वेगळा बांध. २०२२ मध्ये लम्पीनं काय केलं ते तू पाहिलंयस.

आणखी एक. २०१५ च्या गोवंश हत्याबंदी कायद्यानंतर म्हातारा वळू फक्त शेतकरीच घेणार. औताला शिकलेला मिळाला तर बघ, कामही करतो आणि वेसणीतही राहतो.

दाखवायला बोलावलं की दुपारी जाऊ नको. पहाटे, धारेच्या वेळी जा. वळूच्या आईची कास नि सड बघ, बादलीत किती उतरतंय ते बघ. आई विकून टाकली असं म्हणाला तर बहीण दाखव म्हणावं. गुडघ्यानं साथ दिली तर मीही येईन, आदल्या रात्री फोन कर.

तुझा,
काका